चाचीचा पाचवा खेटा

आमच्या गल्लीत देवाधर्माचं खातं बायकांकडं आणि राजकारणाचं पुरुषांकडं अशी जुनी वाटणी होती, आणि एकोणीस वर्षांची असताना मी दोन्ही खात्यांवर सारखीच चिडलेली होते. पुरुष संध्याकाळी तालमीच्या कट्ट्यावर बसून देश चालवायचे. बायका माघ महिना लागला की दर रविवारी अनवाणी जोतिबाच्या डोंगराला चालत जायच्या. ह्याला आमच्याकडं खेटे म्हणतात. पाच रविवार, पाच खेटे. देव एकदा सगळं सोडून उत्तरेला निघाला होता, तेव्हा अंबाबाई कोल्हापुरातनं अनवाणी त्याला थांबवायला गेली अशी गोष्ट सांगतात, आणि तिच्या मागनं अर्धं कोल्हापूर अजून जातंच आहे. मला त्या वयात गोष्टीत एकच मुद्दा दिसायचा, की निघून जायचं पुरुषानं आणि पाय पोळायचे बाईनं. तसं मी आईला ऐकवलं. आई भाकरी थापत होती. थापता थापताच म्हणाली, "बरं. मग तू हितं बसून निषेध कर, मी जाऊन येतो." आमच्याकडच्या बायका स्वतःबद्दल बोलताना येतो-जातोच म्हणतात. त्यावर पत्रक काढायचं राहून गेलं.

तरी मी खेट्याला जायचे. त्याचं कारण भक्ती नव्हे, आमची संघटना. तिथं नवीन आलेल्या प्रत्येकाला सांगायचे, की लोकांत जा, लोकांबरोबर चाला. आता आमच्या गल्लीतले लोक वर्षातनं चालायचे ते पाच रविवारच. म्हणून मी पाठीवर वही असलेली पिशवी टाकून बायकांच्या घोळक्यात चालायचे आणि मनात टिपणं काढायचे. कुणाला त्याचं कौतुक वाटायचं नाही. पाटीलवैनी, म्हणजे आमच्या समोरच्या घरातल्या जैन बाई, ज्यांच्या डब्यात कांदा-लसूण कधी शिरला नाही पण ज्यांनी एक खेटा कधी चुकवला नाही, त्या मला म्हणायच्या, "अश्वे, तू चालतीयास का मोजणीला आलीयास?"

ह्या सगळ्या घोळक्याची पुढारीण तानाआक्का. साठी कधीच ओलांडलेली, उंच, आवाज असा की गल्लीत बोलली तर नदीच्या घाटावर कळावं. आणि घोळक्यातली दुसरी मोठी बाई म्हणजे चाची. चाची मणेर. त्यांच्या घरात बांगड्या भरायचं काम पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं. गल्लीच्या तोंडाला त्यांचं घर, पुढच्या खोलीत दुकान, आणि दुकानात जमिनीवर बसलेली चाची. आमच्या गल्लीतल्या प्रत्येक नवरीचा चुडा तिनं भरलेला. तुमचा हात हातात घ्यायची, अंगठ्याखालचं हाड दाबायची, "ढिला सोड, लढाईला न्हाय निघालीस" म्हणायची आणि तुम्ही हसलात की तेवढ्यात बांगडी मनगटावर गेलेली असायची. तिचं खरं नाव मी इथं लिहीत नाही. ते तिच्याच सांगण्यावरनं, आणि त्याला कारण आहे. ते कारण म्हणजेच हे प्रकरण.

चाची खेट्याला यायची ही गोष्ट आमच्या गल्लीत कुणाला गोष्टच वाटायची नाही. उलट तिच्याशिवाय खेटा निघालाच नसता, कारण सगळ्यांना उठवायची ती. पहाटेची नमाज झाली की ती गल्लीतनं दाराच्या कड्या वाजवत निघायची, दोनदा हळू आणि एकदा जोरात, आणि त्या तिसऱ्या ठोक्याला आमच्या घरात आधी बाबा उठायचे, ज्यांना कुठंच जायचं नसायचं. मग चहाचं आधण, स्टोव्हचा फरफराट, आईचं "माझा पदर कुठं दाबलास, सोड" आणि डब्यांची खडखड. धपाटी आदल्या दिवशीच करून ठेवलेली असायची, ज्वारीच्या पिठात तीळ आणि ओवा घालून. खर्डा मात्र पहाटे ताजाच. आई तव्यावर मिरच्या आणि लसूण भाजायची, वर शेंगदाणे, मीठ, आणि तांब्याच्या बुडानं तिथंच रगडायचं. त्या खकाण्यानं सगळं घर खोकत जागं व्हायचं. आता माझ्या घरी मिक्सर आहे, आणि माझा खर्डा कुणालाही खोकवत नाही. चवीतला फरक तेवढाच असावा.

गल्लीच्या खेट्याचा एक स्वतःचा नियम होता. तो देवाचा नव्हे, तानाआक्काचा. पहिल्या रविवारी जितक्या जणी निघतील तितक्याच पाचव्या रविवारी निघाल्या पाहिजेत. एक अडली तर सगळ्या अडल्या. फार वर्षांपूर्वी तानाआक्काच्या जावेला ताप आला म्हणून तिला मागं टाकून बाकीच्या पुढं गेल्या होत्या, आणि त्यानंतर त्या दोघी जावा एकाच घरात सहा महिने भिंतीशी बोलत होत्या. त्यातनं हा नियम निघाला. एका वर्षी पाटीलवैनींचा पाय मुरगळला तर त्यांना भाजीच्या हातगाडीवर बसवून वाटेवरच्या कुशिरे गावापर्यंत नेलं होतं. वैनी सगळ्या वाटभर गावांना हात करत गेल्या म्हणतात.

त्या वर्षी चौथा खेटा झाला आणि त्याच आठवड्यात मोबाईलवर एक मजकूर फिरत आला. कुणी लिहिला, कुठनं आला, कुणालाच ठाऊक नव्हतं. डोंगरावर कुणी यावं, कुणी येऊ नये, कुणाच्या हातनं बांगडी घ्यावी आणि घेऊ नये, असलं काहीतरी, शेवटी चार जणांना पाठवा. बाबांनी वाचला, "रिकामटेकडी" म्हणाले आणि फोन उलटा ठेवला. माझं तेवढ्यावर भागणार नव्हतं. माझं डोकं फिरलं. आणि माझं डोकं फिरलं की त्यातनं पत्रक बाहेर पडायचं.

पत्रक लिहायला मला संघटनेतल्या एका निवृत्त सरांनी शिकवलं होतं. मथळा शिवीसारखा लागला पाहिजे पण शिवी नको, आणि पहिल्याच ओळीत माणूस पाहिजे, असं ते सांगायचे. "तत्त्व मागनं घाल, आधी माणूस उभा कर," असं म्हणत ते टेबलावर बोट आपटायचे. मला माणूस शोधायला लांब जावं लागलं नाही. मी एका बैठकीत लिहून काढलं. मथळा होता, "आमची चाची जोतिबाला जाते. तुमच्या पोटात का दुखतं?" खाली चाचीचं पूर्ण नाव, गल्लीचं नाव, दुकानाचं नाव, आणि तिला मी 'ऐक्याची चालतीबोलती मूर्ती' म्हटलं होतं. वर गेल्या वर्षीचा फोटो, कपाळभर गुलाल आणि तोंडभर हसू. शाहूपुरीतल्या छापखान्यात छापून घेतलं, आणि शुक्रवारी भल्या सकाळी मी आणि दोन मैत्रिणींनी चौकातल्या भिंतीवर ओळीनं अकरा प्रती चिकटवल्या. चाचीला विचारावं हे माझ्या मनातसुद्धा आलं नाही. चांगल्या कामाला परवानगी कसली घ्यायची, अशी माझी समजूत होती. मी लांब उभी राहून भिंत बघितली आणि मला स्वतःचा फार अभिमान वाटला, हे आज लिहिताना कान गरम होतात, पण खरं आहे ते खरं आहे.

दुपारपर्यंत त्या भिंतीचा फोटो ज्याच्या त्याच्या फोनवर होता. चाचीच्या दुकानात कधी न आलेली माणसं आली. एकजण तिचा सत्कार करायचा म्हणून शालीचा रंग विचारून गेला. एकजण मोटरसायकलवरनं येऊन मुलाखत द्या म्हणाला. एकजण नुसता उंबऱ्याशी उभा राहून तिच्याकडं बघत राहिला आणि गेला. संध्याकाळी तिचा मुलगा इरफान आमच्या घरी आला. माझ्याहून दहा वर्षांनी मोठा, स्वतःचा माल वाहायचा टेम्पो चालवायचा. तो भांडायला आला असता तर मला बरं गेलं असतं. माझी तयारी होती. तो पाणी प्यायला, आईला गुडघ्यांचं विचारलं आणि मग माझ्याकडं वळला.

"अश्विनी, तुझा हेतू चांगलाच हाय गं," तो म्हणाला. "पण अम्मीला ह्यातलं काय ठावं न्हवतं. मिरजेचा मामू फोन करून विचारतोय, गुलाल का लावलास. हितला एकजण विचारतोय, गुलाल लावायचा तुला अधिकार कुणी दिला. ती दोघांच्या मधी दुकान उघडून बसलीया. ह्या रविवारी ती येणार न्हाय."

 मी शनिवारी दुकानात गेले. मनात बोलायचे मुद्दे क्रमानं लावले होते. चाची बांगड्यांच्या तोड्यांना दोरा बांधत होती. माझ्याकडं न बघता म्हणाली, "गिऱ्हाईक हाय, नंतर ये." दुकानात ती आणि मी सोडून कुणी नव्हतं.

रविवारी कडी वाजली. दोनदा हळू, एकदा जोरात. माझा जीव भांड्यात पडला, म्हटलं, आली. आम्ही डबे घेऊन बाहेर पडलो. गल्लीच्या तोंडाला एकेक जण जमत होती, सगळ्यांचे पाय उघडे, फरशी गार म्हणून एका पायावरनं दुसऱ्या पायावर नाचत. चाची तिच्या दारात उभी होती. तानाआक्कानं तिच्या पायांकडं बघितलं.

"चाचे, पायात काय हाय?"

"चप्पल हाय."

"ती दिसतीया मला. का हाय?"

"येत न्हाय मी. जावा तुम्ही. उजाडायच्या आत वडणगं गाठा, न्हायतर ऊन लागंल."

म्हणजे स्वतः येणार नसतानाही ती सगळ्यांना उठवून गेली होती. तानाआक्कानं पिशवी खाली ठेवली, लुगडं सावरलं आणि चाचीच्या पायरीवर बसली. "बसा गं," म्हणाली. अठरा बायका बसल्या. पायरी संपली तेव्हा उरलेल्या रस्त्यावर बसल्या. "तू न्हाय तर आम्ही बी न्हाय," तानाआक्का म्हणाली. "माझा तीस वर्षं खंड न्हाय. आज पडला तर पडू दे. हितंच डबं सोडूया."

ही धमकी पोकळ नव्हती. तीस वर्षांचा नेम ती बाई त्या पायरीवर मोडायला बसली होती, आणि तिच्या शेजारी बसलेल्या निम्म्या जणींचं त्या वर्षी काही ना काही नवसाचं बोललेलं होतं, कुणाच्या लेकीचं ऑपरेशन, कुणाच्या नातवाची भरती. एकीनंही कुरकुर केली नाही. ह्या सगळ्याला कारण मी होते, म्हणून मीच काहीतरी केलं पाहिजे असं वाटून मी उभी राहिले आणि सुरुवात केली, की आज चाची घरात बसली तर त्या मजकूर लिहिणाऱ्यांचा विजय होतो, आणि आपण सगळ्यांनी मिळून...

"अश्वे," तानाआक्का म्हणाली, "तुझं पत्रक झालं की वाचून. आता बस."

मी बसले. मग चाची बोलली, आणि ती माझ्याशीच बोलली. "मी का जातो ते तू लिवलंस. ऐक्यासाठी म्हणं. मला इचारलंस?" मी मान हलवली. "मी लगीन होऊन आलो तवा सासू मला ह्या दारात हुबं ऱ्हाऊ देत न्हवती. गल्लीत कोण ऱ्हातंय म्हाईत न्हवतं मला. मग ही तानी आली. सासूला म्हणाली, देवाला निघालोय, बोजा धरायला एक बाई कमी पडतीया, ही द्या. देवाच्या कामाला न्हाय कसं म्हणणार, मग देव कुणाचा का असंना. पाच रविवार. वर्षातनं पाच रविवार मी गल्लीच्या भाईर पडून पाय दुखूस्तवर चालायची, ऊस मोडून खायाची, मोठ्यानं हसायची. कुणाला हिशेब द्यायला लागत न्हवता. ते माझं हुतं, अश्वे. तू ते भितीवर लावलंस." मग म्हणाली, "आणि मूर्ती काय? आं? मिरजेत मामूला कुणीतरी वाचून दाखवलं, चाची मूर्ती हाय म्हणून."

पाटीलवैनींना हसू आवरलं नाही. मग तानाआक्काला. मग सगळी पायरी हलायला लागली, आणि चाचीनं पदर तोंडावर धरला तो हसू लपवायला की काय, ते मला दिसलं नाही.   मी म्हणाले, "चुकलं माझं." ते इतकं बारीक आलं की वैनी म्हणाल्या, "काय म्हणाली ती? ऐकू आलं न्हाय," आणि मला ते परत, मोठ्यानं, गल्लीच्या तोंडाला उभं राहून म्हणावं लागलं. आयुष्यात इतक्या मोर्चांत घोषणा दिल्या, पण घशाला एवढे कष्ट कधी पडले नाहीत.

तेवढ्यात इरफान दात घासत बाहेर आला आणि दारात अठरा बायका बघून ब्रश तोंडातच राहिला. त्याची काळजी साधी होती: वाटेत कुणी फोटो काढला, कुणी काही बोललं, तर? तानाआक्कानं त्याचं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मग तू बी चल की. टेम्पो हाय न्हवं तुझा? पाण्याचं कॅन टाक आणि ये मागनं." त्यानं मालाच्या फेरीचं काहीतरी सांगून बघितलं. "रविवार हाय," तानाआक्का म्हणाली, आणि तो विषय संपला.

चाचीनं चप्पल काढली नाही. "आधी ते चौकातलं काढा," म्हणाली. "माझं तोंड भितीवर असताना मी रस्त्यानं जायाची न्हाय."

आता एक गोष्ट सांगायची राहिली. आमच्या संघटनेची खळ प्रसिद्ध होती. मैदा शिजवायचा, त्यात मोरचूद आणि सुतारकामाचा डिंक. पावसाळा गेला तरी पत्रक भिंतीवर राहतं. त्या शुक्रवारची खळ मी स्वतः शिजवली होती, आणि मन लावून. मी पहिलं पत्रक कोपऱ्यानं धरून ओढलं तर नखाएवढा कागद हातात आला. मग बायका घराकडं पळाल्या. उलथनी आली, विळी आली, नारळाची करवंटी आली, इरफाननं टेम्पोतला पत्र्याचा तुकडा आणला, तालमीत व्यायामाला आलेले दोघे पैलवान तांब्यातनं पाणी मारायला लागले. चौकातनं जाणारे दुसऱ्या गल्ल्यांचे खेटेकरी "चांगभलं" म्हणत थांबायचे, विचारायचे काय चाललंय, आणि आई म्हणायची, "पोरीनं रांगोळी काढलीया, पुसतोय." तानाआक्का भिंत खरवडता खरवडता मला खळीची कृती विचारत होती, तिला माळ्यावरच्या कोनाड्याला कागद लावायचा होता. चाची कमरेवर हात ठेवून देखरेख करत होती. "माझं नाक ऱ्हायलं बघ तिकडं," म्हणाली. "ह्या कडंच्या फोटूत बरी दिसतो का गं मी?" शेवटी अकराव्या पत्रकापाशी तिनंच माझ्या हातनं उलथनं घेतलं, स्वतःचं कपाळ, डोळे, हनुवटी एका दमात खरवडून काढली, उलथनं मला परत दिलं आणि चपला टेम्पोत टाकल्या.

ऊन वर आलं होतं. आम्ही सगळ्यांच्या मागनं निघालो. नदी ओलांडली तोवर गार वारा होता, वडणग्याच्या पुढं डांबर तापायला लागलं आणि आम्ही रस्त्याच्या कडेच्या गवतावरनं एकामागं एक मुंग्यांसारख्या चालायला लागलो. उसाची तोड चालू होती. एका गुऱ्हाळावर रसाची कढई उतरायची वेळ झाली होती. तिथल्या म्हाताऱ्यानं बोलावून प्रत्येकीच्या हातावर उसाच्या कांडक्यानं गरम काकवी घातली. हात भाजला, जीभ भाजली, आणि तेवढा वेळ पायांचा विसर पडला. चाची आणि तानाआक्का जोडीनं चालत होत्या आणि मेलेल्या सासवांना नावं ठेवत होत्या. ते सगळं मी ऐकलं, आणि त्यातलं एक अक्षरही मी इथं लिहिणार नाही. टेम्पो मागनं पहिल्या गियरमध्ये गुरगुरत येत होता. गायमुखाच्या चढावर चाचीचे गुडघे बोलायला लागले तेव्हा इरफाननं दार उघडलं. तिनं ते बाहेरनं ढकलून बंद केलं.

डोंगरावर गेल्यावर मला आणखी एक गोष्ट कळली, जी दोन वर्षं तिच्याबरोबर चालून मला कळली नव्हती. चाची देवळात जायचीच नाही. तिनं कधी "चांगभलं" म्हटलं नाही, कधी नारळ चढवला नाही. पायऱ्यांच्या कडेला सावली धरून बसायची आणि सगळ्यांच्या पिशव्या राखायची. गुलाल म्हणाल तर तो वर उधळला की खाली कुणावर पडायचं हे विचारत नाही. म्हणजे माझ्या मथळ्यातली पहिली ओळसुद्धा धड खरी नव्हती. आज मी तिशी ओलांडली आहे आणि पत्रकं अजून लिहिते. हल्ली आधी विचारते. विचारलं की निम्मी माणसं नको म्हणतात आणि पत्रक जरा बेचव होतं. होऊ दे.

त्या दिवशी मी दर्शनाला गेले नाही, चाचीजवळ पिशव्या राखत बसले. ती माझ्याशी अजून फारशी बोलत नव्हती, पण तिनं सावलीत सरकून जागा दिली होती. पुढं रांगेचा गलका, हलगीचा ताल, वरनं गुलाबी धूळ. आणि त्या धुळीतनं एक तरुण आमच्याकडं आला. माझ्याच वयाचा, दाढीपासनं अनवाणी पायांपर्यंत गुलाल, हातात मोबाईल. तो चाचीसमोर उभा राहिला, मोबाईलकडं बघितलं, परत तिच्याकडं बघितलं. "चाची म्हणत्यात त्या तुम्हीच न्हवं? त्या कागदावरच्या?"

 चाची काही बोलायच्या आत मी उठून मधी उभी राहिले. "न्हाय हो," मी म्हणाले, "तुमची चूक होतीया. ह्या आमच्या सुमनमावशी हायत."

चाचीनं माझ्याकडं वर बघितलं. दोन दिवसांत पहिल्यांदा तिनं मला नीट, पूर्ण बघितलं असेल.

"आधी छापलंस," ती म्हणाली, "आता लपवतीस. ह्याच्या मधलं काय येत न्हाय व्हय गं तुला?" आणि मला हातानं बाजूला करून त्या पोराला म्हणाली, "मीच ती. बोल, काय म्हणणं हाय?"

पोरगा गडबडला. "म्हणणं काय न्हाय," तो म्हणाला. "आईच्या पायाला फोड आल्यात. पाऊल टाकवंना झालंय. तुमच्या मागनं येत हुता त्यो टेम्पो तुमचाच न्हवं, खाली गाडीतळावर? माघारी जाताना तिला एकटीला जागा हुईल का?"

"जागा न्हाय," चाची म्हणाली. "आण जा तिला."

त्याची आई आली ती त्याच्या गळ्यात हात टाकून लंगडतच. तोवर आमच्या बायका दर्शन घेऊन आल्या होत्या, आणि सावलीत धपाटी, खर्डा, किटलीतलं दही, पाटीलवैनींची बिनलसणाची शेंगांची चटणी असं सगळं जुन्या लुगड्याच्या धडप्यावर मांडलं गेलं. त्या बाईनं विचारलं नाही तुम्ही कोण, आणि कुणी तिला विचारलं नाही तू कोण. चाचीनं तिचा पाय मांडीवर घेतला, जसा बांगडी भरताना हात घेते तसाच, फोडांवर दह्याची साय लावली आणि "ढिला सोड" म्हणाली. बाई निम्मी रडत निम्मी हसत होती आणि खर्डा लागला म्हणून डोळे पुसत होती.

ऊन कलल्यावर आम्ही तळावर आलो. टेम्पो मालाचा, आत चाची धरून एकोणीस बायका, डबे, पिशव्या, पाण्याचे रिकामे कॅन. त्या बाईला मधोमध पाय लांब करून बसवलं तेव्हा बाकीच्या एकमेकींच्या मांड्यांवर गेल्या. इरफान मागं येऊन खाली वाकला, चाकांकडं बघितलं, आणि म्हणाला, एकजण कमी झाल्याशिवाय तो घाट उतरणार नाही.  सगळ्यांनीच आपापले गुडघे धरले.

"अश्वे," आतनं चाचीचा आवाज आला, "उतर."

मी उतरले. आतनं आईनं एक धपाटं बाहेर काढून माझ्या हातात दिलं. दार लागलं, आत परत हसण्याचा गलका सुरू झाला आणि टेम्पो वळणाआड गेला. रस्त्यावर मी आणि तो पोरगा राहिलो. आईला जागा करून दिल्यावर त्यालाही चालतच जायचं होतं. डांबर अजून तापलेलं होतं. आम्ही एका झाडाच्या सावलीतनं दुसऱ्या झाडाच्या सावलीपर्यंत पळायचं, थांबायचं, परत पळायचं असं करत घाट उतरायला लागलो. अर्धं धपाटं मी त्याला दिलं. तिसऱ्या का चौथ्या सावलीत त्यानं विचारलं, "कुठली मंडळी म्हणायची ही?"

ह्या प्रश्नाला माझ्याकडं चार परिच्छेदांचं उत्तर होतं, मथळ्यासकट.

"आमच्या गल्लीतल्या बायका," मी म्हणाले.

त्यानं मान हलवली. त्याला तेवढं पुरलं. मग पुढची सावली बरीच लांब होती, म्हणून आम्ही पळत सुटलो.